वाया गेलेल्या कामाचा हिशेब

ऑनलाइन खेळात अधूनमधून एक सामुदायिक मोहीम निघते. सगळ्या खेळाडूंनी मिळून अमुक इतकं लाकूड बंदरावर आणून टाकायचं, म्हणजे वादळाआधी धक्का बांधून होईल आणि बंदर वाचेल. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत जाते. खेळाडूला ती पट्टी म्हणजे आपली मेहनत वाटते, आणि ती असतेही. पण आमच्या बाजूच्या डॅशबोर्डवर त्या पट्टीसाठी एक खण असतो आणि त्या खणात एक गुणक. एका ओंडक्याचा एक धरायचा, सव्वा की पाऊण, हे तिथे ठरतं. मोहीम गुरुवारीच उरकेल अशी लक्षणं दिसली की गुणक खाली येतो. शुक्रवारी रात्रीपर्यंत पट्टी अर्ध्यावर रेंगाळली तर वर जातो. बंदर वाचायचं ते शनिवारी, युरोपात संध्याकाळ आणि आमच्याकडे मध्यरात्र असताना, कारण सगळ्यात जास्त लोक तेव्हा खेळत असतात.

मी पुण्यात, बाणेरच्या एका स्टुडिओत अशा मोहिमांची कथा लिहिते. खेळाचं नाव करारामुळे सांगता येत नाही. प्रकाशक परदेशातला, खेळणारे बहुतेक युरोप-अमेरिकेतले. पात्रांचे संवाद, क्वेस्टचा मजकूर आणि हंगामी मोहिमा एवढं आमच्याकडे असतं. मोहिमेच्या शनिवारी आम्हीही जागे असतो. (मी नक्की काय काम करते हे माझ्या काकूला अजून कळलेलं नाही. ‘मुलांचे गेम’ एवढंच ती शेजाऱ्यांना सांगते, आणि तेही जरा आवाज खाली आणून.)

आमच्याकडे एक मुलगा फ्रेशर म्हणून लागला. कॉलेजात असल्यापासून तो हाच खेळ खेळत होता, आणि बंदराच्या त्या मोहिमेत हॉस्टेलच्या वायफायवर रात्र रात्र लाकूड वाहत होता. डॅशबोर्डवरचा तो खण त्याने पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “मॅम, म्हणजे ते बंदर आम्ही वाचवलंच नव्हतं?”

मी म्हटलं, “वाचवलं होतं की. फक्त ते बुडण्याची सोय नव्हती.”

हे चेष्टेत म्हटलं नव्हतं. बुडालेल्या बंदराचा नकाशा आर्टवाल्यांनी बनवलाच नव्हता. मोहीम फसली असती तरी आमच्याकडे दाखवायला दुसरं बंदर नव्हतं.

असं का होतं, याचं उत्तर लबाडीत शोधलं तर सापडणार नाही, ते कॅलेंडरमध्ये आहे. खेळाडू आज जो हंगाम खेळतो तो आम्ही कित्येक महिन्यांपूर्वी लिहिलेला असतो. आधी रूपरेषा, मग संवाद, मग मजकूर गोठवण्याची तारीख. त्या तारखेनंतर स्वल्पविराम हलवायचा तरी तीन जणांची परवानगी लागते, कारण तोच मजकूर जर्मन, फ्रेंच, पोलिश, ब्राझिलियन पोर्तुगीज अशा भाषांतरांना गेलेला असतो. त्यानंतर आवाजांचं ध्वनिमुद्रण, ॲनिमेशन, क्यूए म्हणजे चुका शोधणारी चाचणी, आणि शेवटी कन्सोलवाल्यांची तपासणी. शनिवारी रात्री खेळाडूंनी काही भलतंच केलं तर मंगळवारी त्याला साजेशी गोष्ट द्यायची म्हणजे ही सगळी साखळी दोन दिवसांत ओढायची.

म्हणून आम्ही फाटे आधीच लिहून ठेवतो. फाटा दिसतो मोठा. प्रत्यक्षात तो दोन पावलांवर मूळ रस्त्याला येऊन मिळतो. एका हंगामात खेळाडूंना दोन सेनापतींमधून एकाची निवड करायची होती, एक म्हातारा खलाशी आणि एक तरुण सरदारीण. मतदान खरं होतं, मोजणी चोख होती. संवादांच्या तक्त्यात मात्र दोघांच्या नावापुढे विजयाचं भाषण एकच होतं, दोन वेगळ्या नटांनी म्हटलेलं. खलाशाच्या ओळीत मी ‘पोरांनो’ असं एक संबोधन जास्तीचं घातलं होतं. निवडीचा परिणाम म्हणाल तर तेवढा.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये २०१३ साली कॅप्टन्स कौन्सिलच्या एका जागेसाठी निवडणूक झाली. एलन कील आणि इव्हॉन नॅशब्लेड हे दोन उमेदवार. कोण निवडून येईल त्यावर पुढे खेळायला कोणतं प्रकरण मिळणार हेही ठरणार होतं. कीलबाई जिंकल्या आणि त्यांच्या वाट्याची थाउमानोवा अणुभट्टी पुढे खेळात आली. इव्हॉनकडे होता ॲबॅडन या देवाचा पाडाव, म्हणजे त्या विश्वाच्या इतिहासातला फार मोठा प्रसंग. तो हुकला म्हणून हळहळणारे खेळाडू मला त्यानंतर कितीतरी वर्षांनीही भेटले आहेत. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २००६च्या जानेवारीत आन’किराजचे दरवाजे उघडण्यासाठी एकेका सर्व्हरवरच्या लोकांनी आठवडेच्या आठवडे धातू, कातडी, पट्ट्या आणि शिजवलेलं अन्न गोळा केलं. कोणता सर्व्हर आधी, कोणता नंतर, घंटा कोण वाजवणार, हे सगळं खेळाडूंच्या हातात होतं. दरवाज्याआड काय आहे हे मात्र सगळीकडे एकच. तारीख खेळाडूंची, गोष्ट कंपनीची. तरीही त्या रात्री जे हजर होते ते आजही ती आठवण लग्नाच्या गोष्टीसारखी सांगतात, हे नोंदवायला हवं. हजर असण्याचं समाधान खोटं नसतं. खटकते ती जाहिरात. ट्रेलरमध्ये जेव्हा भारदस्त आवाजात सांगितलं जातं की जगाचं भवितव्य तुमच्या हाती आहे, तेव्हा मी हेडफोन काढून चहा प्यायला जाते.

या धंद्यात थोडं मुरल्यावर मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली. खेळाडूंनी कथा घडवली असं कोणी म्हणालं की मी विचारते, लिहिणाऱ्यांचं किती काम वाया गेलं? काहीच वाया गेलं नसेल तर खेळाडू आमच्याच रस्त्याने चालले, फक्त त्यांना वाटलं की रस्ता त्यांनी काढला.

या कसोटीवर सगळ्यात आधी आठवतो तो ‘ॲशरन्स कॉल’. १९९९ च्या नोव्हेंबरात आलेला खेळ, टर्बाइनने बनवलेला, मायक्रोसॉफ्टने बाजारात आणलेला. दर महिन्याला त्यात कथेचा नवा तुकडा यायचा, आणि त्या काळी ते फार धाडसाचं होतं. २००० साली कथा अशा टप्प्यावर आली की बेल’झारॉन नावाचा दुष्टात्मा कैदेतून सुटायचा होता. त्यासाठी त्याला जखडून ठेवणारे स्फटिक फुटणं भाग होतं. ते खेळाडूच फोडणार, असा लेखकांचा हिशेब. खेळाडूला फोडण्याजोगी वस्तू दिसली की तो ती फोडतो, या गृहीतावर आमचा अर्धा धंदा उभा आहे. बाकीच्या सर्व्हरांवर तसंच झालं. थिसलडाउन नावाच्या सर्व्हरवर मात्र काही खेळाडूंनी शेवटच्या स्फटिकाभोवती पहारा बसवला. फोडायला येणाऱ्या खेळाडूंशी ते लढले. कोणी झोपायला गेलं तर दुसऱ्याने जागा घ्यायची, अशा पाळ्या लावल्या. महिना सरत आला, पुढचा तुकडा तयार होता, आणि त्यात दुष्टात्मा मोकळा फिरत होता.

मी त्या कंपनीतल्या लेखकांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं आहे. आपण लिहिलेलं पुढचं सगळं एका स्फटिकापाशी अडकून पडलंय, आणि ते अडवणारी माणसं आपल्या कथेवर आपल्यापेक्षा जास्त विश्वास ठेवताहेत. शेवटी कंपनीची माणसं स्वतः खेळात उतरली आणि त्यांनी तो स्फटिक फोडला. कथा ठरल्या वाटेने पुढे गेली. पण नंतर त्या एका सर्व्हरवर पहारेकऱ्यांच्या नावांचं स्मारक उभारलं गेलं. माझ्या कसोटीने मोजलं तर खेळाडू हरले, कारण कंपनीचं एक पानही वाया गेलं नाही. तरी स्मारकाचा तो दगड कोणत्याही रूपरेषेत नव्हता. तेवढी जागा त्यांनी खेचून घेतली.

‘एव्हरक्वेस्ट’ची हकीकत याच्या उलट. केराफर्म हा तिथला झोपलेला ड्रॅगन. त्याला उठवलं की तो समोर येईल त्याला मारत सुटणार आणि त्या सर्व्हरवरून कायमचा नाहीसा होणार, अशी योजना होती. तो मरावा अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. २००३च्या नोव्हेंबरात रॅलोस झेक या सर्व्हरवर एरवी एकमेकांचे वैरी असलेले जवळपास २०० खेळाडू एकत्र आले आणि सुमारे तीन तास त्याच्याशी झुंजले. त्याचा जेमतेम पाव जीव उरला असताना तो अचानक अदृश्य झाला. कंपनीनेच त्याला काढून घेतलं होतं. खूप आरडाओरडा झाला, कंपनीने माफी मागितली आणि पुन्हा संधी दिली. दुसऱ्या वेळी त्यांनी त्याला मारलं. मारून हातात काहीच पडलं नाही, कारण जो मरणारच नव्हता त्याच्या खिशात बक्षीस कोण ठेवणार? मला ही रिकामी झडती फार आवडते. लेखकाने जिथपर्यंत विचार केला होता त्याच्या पलीकडे खेळाडू पोचल्याचा तो पुरावा आहे.

पण माझी कसोटी सगळीकडे चालत नाही. आइसलँडच्या सीसीपीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ घ्या. २०१४च्या जानेवारीत बी-आर५आरबी या ताऱ्यापाशी तिथलं सर्वात गाजलेलं युद्ध झालं. सुमारे २१ तास, साडेसात हजारांवर खेळाडू, ७५ टायटन जहाजं नष्ट. ती जहाजं बांधायला महिनोन्‌महिने लागतात आणि एकदा गेली की गेली. नुकसानीचा अंदाज ३ लाख डॉलरच्या घरात काढला गेला. हे युद्ध कोणत्याही लेखकाने लिहिलेलं नव्हतं. एका गटाचं त्या सूर्यमालेच्या ताब्याचं भाडं भरायचं राहून गेलं, ताबा सुटला आणि शत्रू चालून आला. वाया जायला कोणाचं लिखाणच नव्हतं. तिथे कथा लिहिली ती नियमांनी आणि हिशेबाच्या वहीने. पुढे कंपनीने त्या जागी जहाजांचे सांगाडे कायमचे तरंगत ठेवले.

लोक हे उदाहरण ‘बघा, खेळाडूच कथा घडवतात’ म्हणून देतात. मला त्यात वेगळंच दिसतं. त्या साडेसात हजारांपैकी बहुतेकांनी काय केलं? सर्व्हरवर ताण येऊ नये म्हणून खेळातला काळ १० टक्क्यांवर आणला होता. म्हणजे बटण दाबलं की तोफ उडेपर्यंत बसून वाट पाहायची, आणि ताफ्याचा प्रमुख हेडफोनमधून नाव सांगेल त्यावरच डागायची. भाडं भरायचं राहिलं त्या माणसाने कथा घडवली, आणि सैन्य उतरवायचं की माघार घ्यायची हे ठरवणाऱ्या मूठभरांनी. बाकीचे लाकूड वाहणाऱ्या त्या फ्रेशरच्याच जागी होते. ‘खेळाडू’ हा शब्द आमच्या मीटिंगमध्ये कायम एकवचनी असल्यासारखा वापरला जातो. तो तसा नसतो. मतदानात ४८ टक्क्यांनी जे मागितलं ते त्यांना मिळत नाही. त्यांच्या दृष्टीने लेखक हुकूमशहा असला काय आणि बहुमत असलं काय, गोष्ट दुसऱ्याचीच.

आमच्या खेळात एक नावाडीण होती. चार ओळींचं पात्र. ‘चला, भरती उतरायच्या आत निघायला हवं’ वगैरे. पुढच्या हंगामात ती वादळात मरणार होती, म्हणजे निदान कोणीतरी मेलं असं वाटावं. एका पॅचनंतर तिच्या चालण्यात घोळ झाला. होडीकडे वळण्याऐवजी ती धक्क्याच्या टोकाला जाऊन समुद्राकडे तोंड करून उभी राहायची. क्यूएने नोंद केली, प्राधान्य सर्वात खालचं मिळालं, कारण होडी तिच्याशिवायही चालत होती. मग कोणीतरी तिच्या पायाशी कंदील ठेवला. आमच्या खेळात जमिनीवर ठेवलेली वस्तू काही मिनिटांनी नाहीशी होते, त्यामुळे कंदील तेवता ठेवायचा तर कोणीतरी सतत नवा आणून ठेवायला हवा. लोक तेही करायला लागले. रात्री लॉग पाहिला तर धक्क्याच्या टोकाला कायम आठ-दहा जण. ती कोणाची वाट पाहते यावर त्यांनी आपापसात एक संपूर्ण कथाही रचली होती. दर्यावर गेलेला भाऊ, न परतलेली होडी. मी लिहिलेल्या चार ओळींपेक्षा ती नक्कीच चांगली होती.

आता घोळ दुरुस्त करायचा की नाही यावर आमच्याकडे जी मीटिंग झाली ती लांबली. प्रोड्यूसर मॅडमचं म्हणणं सरळ होतं, तिचा मृत्यू ध्वनिमुद्रित झालाय, त्याचे पैसे दिलेत, तो होणार. मी म्हटलं, मृत्यू होऊ दे, पण ती होडीकडे वळायला लागली तर लोक आपल्याला माफ करणार नाहीत. शेवटी तिचं चालणं दुरुस्तीच्या यादीतून काढलं गेलं. मृत्यू ठरल्याप्रमाणे झाला. आणि त्यानंतरच्या हंगामाचा मजकूर तोवर गोठलेला नव्हता, त्यात मी तिचा भाऊ परत आणला. तो धक्क्यावर येतो आणि कंदील कोणी लावले म्हणून विचारतो. जागा करण्यासाठी तस्करांची एक क्वेस्ट काढून टाकावी लागली. ती माझीच होती, बऱ्यापैकी जमलेली. कसोटीनुसार त्या कंदीलवाल्यांनी आमची कथा तस्करांच्या एका क्वेस्टइतकी बदलली. आकडा लहान आहे, पण शून्य नाही.

यावरून मला एक गोष्ट उमगली, ती पुढे ‘हेलडायव्हर्स २’ने पक्की केली. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या या स्वीडिश खेळात युद्धाच्या मागे जोएल नावाचा एक माणूस गेम मास्टर म्हणून बसलेला असतो, हे कंपनीने उघड सांगितलेलं आहे. एकदा खेळाडूंपुढे पर्याय ठेवला गेला. एका ग्रहावर इस्पितळात अडकलेली आजारी मुलं सोडवायची, की दुसरा ग्रह जिंकून रणगाडाविरोधी सुरुंग मिळवायचे. लोकांनी मुलं सोडवली आणि सुरुंग हातचे गेले. इथे कंपनीला हे परवडलं, कारण त्यांची कथा बहुतेक लहान लहान निरोपांतून आणि नकाशावरच्या रंगांतून चालते. प्रत्येक वळणाला नट, भाषण, चित्रफीत लागत नाही. कथा सांगायला स्वस्त असली की ती फिरवता येते. मी कुडाळकडची. आमच्याकडे दशावतारात लिहिलेली संहिता नसते, एक बाकडं पुढ्यात असलं की राजदरबार उभा राहतो, आणि नट पेटला व समोरचे लोक रंगले की युद्ध तासभर लांबतं. तिथे वाया जायला काही नसतंच. आमच्या खेळात सेनापतीच्या एका उसाशासाठीसुद्धा स्टुडिओचं भाडं भरलेलं असतं. खेळ जितका देखणा होत जातो तितका तो खेळाडूंचं ऐकायला अवघड होत जातो, आणि गंमत म्हणजे देखण्या खेळाच्याच ट्रेलरमध्ये तुमच्या निर्णयांबद्दल सगळ्यात जास्त बोललेलं असतं.

तो फ्रेशर आता फ्रेशर राहिलेला नाही. गुणकाचा खण तोच सांभाळतो आणि शनिवारचं गणित माझ्यापेक्षा छान जमवतो. येत्या हंगामात किल्ला वाचवायची मोहीम आहे, तिच्यासाठी मात्र त्याने हट्ट धरलाय की गुणक एकावर कुलूपबंद ठेवायचा, पट्टी भरली तर भरली. मॅडम म्हणाल्या, “आणि मंगळवारी पहाटे चार वाजता भरली तर?” तो म्हणाला, “तर मंगळवारी पहाटे चार वाजता.” निर्णय अजून झालेला नाही. माझ्या बाजूने मी दोन्ही शेवट लिहून दिलेत, किल्ला टिकतो तो आणि पडतो तो. पडक्या किल्ल्याचा नकाशा यावेळी आर्टवाल्यांनी जुन्या हंगामाच्या तुकड्यांतून जुळवायचं कबूल केलंय. ध्वनिमुद्रणाचं बजेट मात्र एकाच शेवटाचं मंजूर झालं, अर्थातच टिकण्याचं. तेव्हा मी सुचवलं की किल्ला पडला तर नुसता मजकूर दाखवायचा, आवाज नको, पात्रं ओठ न हलवता बोलतील. मॅडमना ते चालणार आहे. साउंडवाल्यांना मुळीच चालणार नाही, आणि गुरुवारच्या कॉलमध्ये मला त्यांच्याशीच भांडायचंय.